तंबाखूबद्दल वाचून दाखवलेलं पान

तुम्हां तिघां नातवंडांना,

हे पत्र मी आधी कच्चं लिहून काढलं आणि आता कार्बन घालून पक्कं करते आहे, म्हणजे तिघांनाही तोच मजकूर मिळेल. एकाला अर्धं आणि दुसऱ्याला पुरं असं व्हायला नको.

धाकटीचं पत्र गेल्या सोमवारी आलं. तिला दिवस गेले आहेत हे तुम्हा दोघांना माहीत असेलच. सकाळी उठलं की तिच्या पोटात ढवळतं, अन्नाचा वास सहन होत नाही. ती राहते तिथल्या ओळखीच्या एका मराठी बाईंनी तिला सांगितलं की आपल्याकडच्या बायका अशा वेळी मिश्री लावायच्या, मळमळ जागच्या जागी थांबते. धाकटी लिहिते, "आजी, तू निपाणीची. एक छोटी डबी पाठवशील का? इथल्या एका मासिकात आलंय की तंबाखू ही मूळची दक्षिण अमेरिकेतली औषधी वनस्पती. तू इंग्रजी शाळेत शिकलेली, खरं काय ते तूच सांग."

मिश्री लावू नकोस आणि डॉक्टरांना विचार, हे मी तिला त्याच दिवशी कार्डावर कळवलं आहे. पण हाच प्रश्न मला पूर्वी एकदा विचारला गेला होता आणि मी उत्तरही दिलं होतं. ते मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. आता सांगते.

आमचं घर निपाणीत, तंबाखूच्या वखारीला लागून होतं. आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, शेतीही तंबाखूची आणि व्यापारही तंबाखूचा. माघात पानं उतरली की चैत्रापर्यंत घरभर तोच वास असे. आम्हाला तो जाणवत नसे, पाहुणे मात्र उंबऱ्यातच शिंकायला लागत. औषधासाठी घराबाहेर जायची गरज क्वचित पडे. दाढ दुखली तर चिमूटभर तंबाखू. बैलाच्या जखमेत किडे पडले तर तंबाखू आणि चुना. गांधीलमाशी चावली तर तंबाखूचं पान चघळून लावायचं. पुरुषांच्या एका दुखण्यावर पान शेकून बांधत, ते दुखणं कोणतं हे मला माझं लग्न झाल्यावर कळलं. आणि बायकांसाठी मिश्री. पोट साफ होत नाही, मिश्री. पित्त झालं, मिश्री. माहेरची आठवण येते, तरी मिश्रीच.

तुम्ही ती पाहिलेली नाही, म्हणून सांगते. तंबाखूचा चुरा लोखंडी तव्यावर कोळशासारखा काळा होईपर्यंत भाजायचा, कुटायचा, फडक्यातून गाळायचा. ती काळी पूड बोटानं दातांना आणि हिरड्यांना घासायची आणि बराच वेळ तशीच तोंडात ठेवायची. आई परसात मिश्री भाजायला बसली की शेजारची मांजरंसुद्धा निघून जात. तंबाखू कडक असते, पुरुषांनी खायची असते, हे आईला मान्य होतं. पण बिब्बा जसा शुद्ध करून घेतला की औषध होतो, तशी तंबाखू भाजली की औषध होते, असं तिचं म्हणणं. "भाजलं की त्यातलं इख मरतं," ती म्हणे. इख म्हणजे विष. आमच्या भागातल्या सगळ्याच बायका हे मानत, आणि मीही मानत होते.

मी तेव्हा बेळगावला मुलींच्या मिशन शाळेत होते. तिथेच वसतिगृहात राहत असे आणि सुट्टीत मोटारीनं निपाणीला येई. एकोणीसशे तिसाच्या आसपासची गोष्ट. मी चौदा वर्षांची होते. आदल्या वर्षी अण्णाचं, माझ्या मोठ्या भावाचं, लग्न झालं होतं. वहिनी माझ्याहून दोनच वर्षांनी मोठी. ती कणकुंबीकडची, दाट रानातली. तिच्या माहेरी बायका मिश्री लावत नसत. तिचे दात पांढरेशुभ्र होते, आणि आमच्याकडे लग्न झालेल्या बाईचे दात पांढरे असणं म्हणजे काहीतरी राहून गेल्यासारखं वाटे.

वखारीत पानं चाळायला येणाऱ्या बायका तिला चिडवत. "अगं, ही अजून दुधाच्या दाताची हाय!"

"दुधाचे तर दुधाचे," वहिनी म्हणायची, "तुमच्यासारखे तव्याचे तर न्हाईत."

सगळ्या काळे दात दाखवून हसायच्या. ती त्यांना आवडायची. मला तर फारच. घरात माझ्याशी इंग्रजी शाळेबद्दल थट्टा न करता बोलणारी ती एकटीच होती. थट्टा करायची ती वेगळ्या गोष्टींची.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा वहिनीला दिवस गेलेले होते आणि तिच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. आई तिच्यामागे मिश्रीची डबी घेऊन फिरत होती. "लाव गं एकदा. पाची पोरांच्या येळंला मला मिसरीनंच तारलं."

"आत्याबाई, आमच्या रानात तंबाखू जळवांसाठी," वहिनी म्हणाली. "पायाला तंबाखूचं पाणी लावलं की जळू टपकन गळून पडती. जे जळूला सोसत न्हाय ते मला कसं सोसंल?"

आई चिडून निघून गेली. मग वहिनी माझ्याकडे वळली. ती भिंतीला टेकून बसली होती, ओठ कोरडे पडले होते. "वन्सं, तुमच्या इंग्रजीत काय म्हणत्यात ह्या तंबाखूला? एकदा बघून सांगा की. तुम्ही म्हणलासा तर लावीन."

माझ्याजवळ तसं पुस्तक होतं. आमच्या इंग्रजीच्या बाईंनी सुट्टीत वाचायला म्हणून शाळेच्या कपाटातलं एक जुनं जाडजूड पुस्तक मला दिलं होतं. त्यात देशोदेशीच्या औषधी झाडांची माहिती होती. त्यात तंबाखू सापडली तेव्हा मला इतका आनंद झाला की मी आप्पांना सांगायला धावले. आप्पा म्हणाले, एकटीच काय वाचतेस, सगळ्यांना ऐकव. दुपारी वखारीच्या अंगणात बायका चाळण्या थांबवून बसल्या. नाकावरची फडकी त्यांनी खाली ओढली. वहिनी दाराच्या चौकटीत बसली होती.

मी इंग्रजी वाक्य मनात वाचत होते आणि मोठ्यानं मराठीत सांगत होते. तंबाखू मूळची दक्षिण अमेरिकेतली, असं मी सांगितलं तेव्हा आप्पांना खरं वाटेना. "म्हंजे ही आमची न्हवं? लांबनं आलेली पाव्हणी म्हणा की."

"पाव्हणी आली आन् घरच बळकावलं," एक म्हातारी म्हणाली.

मी पुढे वाचलं. तिथले मूळचे लोक हे पान देवाला वाहतात. त्यांचे वैद्य जखमेवर, दाढदुखीवर, डोकेदुखीवर, जंतांवर, साप चावल्यावर ते वापरतात. युरोपातल्या लोकांनी ते पाहिलं आणि सर्व रोगांवरचं औषध म्हणून आपल्या देशी नेलं. प्रत्येक रोगाच्या नावाला बायका माना डोलावत होत्या, कारण त्यातले बहुतेक उपचार त्यांना माहीत होते. पानाच्या तळाशी लिहिलं होतं की तिथल्या सुइणी गरोदर बायकांना ओकारीवर आणि कळांवर हेच पान देतात.

तिथे पान संपलं. वाक्य संपलं नव्हतं. पुढे स्वल्पविराम होता. मी ते वाक्य तिथेच पूर्णविराम दिल्यासारखं संपवलं.

अंगणात एकच गलका झाला. आईनं वहिनीकडे बघून म्हटलं, "ऐकलंस? सातासमुद्रापल्याडच्या सुइणी बी तेच सांगत्यात. आता पुस्तकात लिवलंय." आप्पांनी आईला सांगितलं, पोरीला चहा दे. आणि आईनं मला पुरुषांच्या आधी चहा दिला. आमच्या घरात असं पूर्वी कधी झालं नव्हतं. मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं आणि चहा प्यायले.

दिवे लावायच्या आधी, परसात उजेड होता तोवर, मी पान उलटून पुढचं वाचलं. स्वल्पविरामानंतर लिहिलं होतं की परंतु या उपचाराचे परिणाम कसे होतील ते कुणालाच सांगता येत नाही. पुढे लिहिलं होतं की युरोपातले डॉक्टर कितीतरी वर्षं तंबाखूचा काढा देत राहिले, त्यात पुष्कळ रोगी दगावले, आणि आता जबाबदार डॉक्टरांनी तो वापर सोडून दिला आहे. तिचा अर्क थोडासाच दिला तरी कुत्रं मरतं. मुलांना आणि नाजूक प्रकृतीच्या माणसांना ती कोणत्याही रूपात देऊ नये. मिश्रीचा उल्लेख नव्हता, कारण लिहिणाऱ्यानं मिश्री कधी पाहिली नसणार. गरोदर बाईचाही वेगळा उल्लेख नव्हता.

मी उठून आत जायला हवं होतं. आत आप्पा आलेल्या व्यापाऱ्यांना माझ्या वाचनाबद्दल सांगत होते. मी परसात बसून राहिले. दुसऱ्या दिवशी सांगू म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनी मोरीपाशी बसून बोटानं दात घासत होती. पहिल्यांदा तिला भडभडून ओकारी झाली, घाम फुटला, ती भिंतीला धरून उभी राहिली. आई म्हणाली, पित्त पडतंय, बरं झालं. चौथ्या दिवशी ओकारी थांबली. वहिनी भाकरी खायला लागली. सगळं घर माझ्याकडे कौतुकानं बघू लागलं. आता काय सांगायचं आणि कसं, हे मला कळेना. मी आठ दिवस गप्प राहिले.

आठव्या दिवशी आमच्या गोठ्यातलं वासरू मेलं. त्याच्या अंगावर गोचीड झाले होते म्हणून गड्यानं तंबाखूच्या काड्या उकळून त्या पाण्यानं ते धुतलं होतं. वासरानं आपलं अंग चाटलं. दुपारपर्यंत त्याचे पाय थरथरायला लागले, तोंडाला फेस आला आणि ते आडवं झालं. मी पुस्तक घेऊन सरळ वहिनीकडे गेले. दुसरं पान वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. म्हटलं, "वैनी, हे पान मी नंतर वाचलं. वासरू बघितलंस ना? सोड ते."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "वासराला काय मिसरीची सवय हुती?"

"पण पुस्तकात..."

"त्या दिवशी पुस्तक येगळं बोललं, आज येगळं बोलतंय. पुस्तक फिरलं का तुम्ही फिरलासा?" ती हसत होती. "आन् वासराला कच्ची तंबाखू लागली, वन्सं. आमची भाजलेली हाय. भाजलं की इख मरतं."

दहा-बारा दिवसांपूर्वी जळवांचं उदाहरण देणारी हीच ती. ती माझ्या शब्दावर तिथून निघाली होती आणि आता माझ्याच शब्दावर परत यायला तयार नव्हती. आईला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "शाळेतल्या मडमीनं पढवून पाठवलेली दिसती." आप्पांनी तर ऐकूनच घेतलं नाही. तंबाखू वाईट असं आमच्या वखारीत बोलणं त्यांना चाललं नसतं.

मग मला एक उपाय सुचला, आणि मला वाटलं की हा चुकणार नाही. बेळगावच्या एका मिशन दवाखान्यात डॉक्टरीणबाई होत्या, त्या वर्षातून एकदा आमच्या शाळेत मुलींना तपासायला येत. मी त्यांना इंग्रजीत पत्र लिहिलं. मिश्री कशी करतात, किती वेळ लावतात, वहिनीला कितवा महिना, सगळं व्यवस्थित कळवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. इंग्रजी पत्र आलं म्हणून आप्पांनी ते सर्वांसमोर वाचायला लावलं.

बाईंनी लिहिलं होतं की मिश्री लावणाऱ्या बायकांची बाळं लहान जन्मतात असं त्यांना अनेकदा वाटलं आहे. वहिनीनं ती सोडावी असा त्यांचा सल्ला होता. आणि शेवटी त्यांनी लिहिलं होतं, मला प्रामाणिकपणे सांगायला हवं की हे माझं अनुमान आहे. याचा कुणी अभ्यास केलेला नाही. माझ्याजवळ पुरावा नाही.

ही शेवटची ओळ मी गाळू शकले असते. ऐकणाऱ्यांपैकी कुणालाच इंग्रजी येत नव्हतं. "डॉक्टरीणबाईंनी सक्त मनाई केली आहे" एवढंच मी म्हटलं असतं तर आप्पांनी कदाचित मानलंही असतं. पण एकदा अर्धं वाचून काय झालं ते मी पाहिलं होतं. म्हणून या वेळी मी शेवटच्या शब्दापर्यंत सगळं वाचलं.

मग आई म्हणाली, "म्हंजे पुरावा न्हाय."

"न्हाय म्हणत्यात की त्याच," आप्पा म्हणाले.

वहिनी हसली. तिच्या दातांच्या फटी काळ्या व्हायला लागल्या होत्या.

सुट्टी संपली, मी बेळगावला गेले. जाताना पुस्तक परत करायचं म्हणून तंबाखूची दोन्ही पानं वहीत उतरवून घेतली. पहिल्या बाळंतपणाला मुलीनं माहेरी जायचं, पण त्या वर्षी पाऊस लांबला आणि कणकुंबीचा रस्ता सुकायची वाट बघता बघता वहिनी दिवस भरायच्या आधीच निपाणीत बाळंत झाली. अण्णाचं कार्ड मला वसतिगृहात मिळालं. मुलगी झाली, लहान आहे, एवढंच त्यावर होतं. चार दिवसांनी दुसरं कार्ड आलं. वसतिगृहाच्या बाईंनी ते माझ्या हातात दिलं, मी उभ्या उभ्या वाचलं आणि भूगोलाच्या तासाला जाऊन बसले.

दिवाळीत घरी गेले तेव्हा वहिनीनं मला आपला उजवा हात उघडून दाखवला. "एवढी हुती. हितं डोकं, हितं पाय." मनगटापासून बोटांच्या टोकापर्यंत. मग त्याच हातानं तिनं कमरेची डबी काढली.

दोन वर्षांनी तिला मुलगा झाला तेव्हा मी घरीच होते. तोही लहानच. मला डॉक्टरीणबाईंचं वाक्य आठवत होतं, अभ्यास नाही, पुरावा नाही. मी आईला म्हटलं, आपण याला तोलू या, म्हणजे बाईंना कळवता येईल. आमच्या वखारीत लहानमोठे सगळ्या मापांचे तराजू टांगलेले होते, चिमूटभर तपकिरीपासून गठ्ठ्यांपर्यंत.

आई माझ्यावर धावून आली. "लेकराला तोलत्यात व्हय? तंबाखू हाय का ती? दृष्ट लावशील." तोललेलं मूल जगत नाही असं आमच्याकडे मानत. मी वहिनीकडे बघितलं. तिनंही बाळ पदराखाली ओढून घेतलं.

त्याला आईचं दूध ओढायचीही ताकद नव्हती. वहिनी कापसाच्या बोळ्यानं थेंब थेंब पाजायची. मी शेजारी बसून असे. इंग्रजी सहाव्या इयत्तेत पहिली आलेली मी, आणि मला करण्यासारखं तिथे काही नव्हतं. बाराव्या दिवशी तो गेला. ज्या घरात तंबाखूचं पानन्‌पान तोललं जाई तिथे ती दोन बाळं किती वजनाची होती, याची नोंद कुठेच नाही.

त्यानंतर एकदा वहिनीनं आपण होऊन डबी माझ्या हातात दिली. "न्या बेळगावला. मला परत दिऊ नगासा." मी ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली आणि कुलूप लावलं. तिसऱ्या दिवशी दुपारी वहिनी मला वखारीच्या कोपऱ्यात सापडली. झाडलोटीच्या कचऱ्यातून ती तंबाखूचा चुरा वेचत होती. मला बघून ती उठलीसुद्धा नाही. "सुटत न्हाय, वन्सं. लई केलं, सुटत न्हाय."

मी ट्रंक उघडली आणि डबी तिला परत दिली.

पुढे मूल नाही म्हणून घरच्यांनी अण्णाचं दुसरं लग्न लावलं. वहिनी त्याच घरात राहिली, दुसरीची मुलं तिनं अंगाखांद्यावर वाढवली. तिनं मला कधी एका शब्दानं दोष दिला नाही. पण ते उलटलेलं पान मी त्याच संध्याकाळी वाचलं होतं आणि आठ दिवस गप्प होते, हे तिला कुठे ठाऊक होतं? मी तिला ते शेवटपर्यंत सांगितलं नाही. स्वातंत्र्य आलं त्या पावसाळ्यात ती तापानं गेली. मी संसारात अडकले होते, मला जाता आलं नाही. डबी मात्र माझ्याकडे पोचती झाली, तिनंच तसं सांगून ठेवलं होतं.

आता धाकटीच्या प्रश्नाचं उत्तर. तुझ्या मासिकात आलं आहे ते खोटं नाही. तंबाखू दक्षिण अमेरिकेतलीच आणि तिथले लोक तिला औषध मानत, हेही खरं. मिश्रीनं मळमळ थांबते, हेही मी डोळ्यांनी पाहिलं आहे. पण ते अर्धं पान झालं. त्या दोन बाळांना मिश्रीनंच नेलं असं मी म्हणणार नाही. त्या काळी मिश्री न लावणाऱ्यांचीही बाळं जात. मात्र डॉक्टरीणबाईंना जो अभ्यास हवा होता तो पुढे डॉक्टरांनी केला. मिश्री लावणाऱ्या बायकांची बाळं त्यांनी तोलली आणि ती हलकी भरली. भाजल्यानं विष मरत नाही, हेही त्यांनी सांगितलं आहे. आमच्या घरी हे कळायला फार उशीर झाला, आणि जिला सांगायचं ती राहिली नाही.

डबी मी पाठवणार नाही. वहीतली दोन्ही पानं उतरवून यासोबत जोडली आहेत, दोन्ही वाच.

वखार आता दुसऱ्यांच्या ताब्यात आहे. ती विकली तेव्हा त्यातला सर्वांत लहान तराजू मी मागून घेतला. तो माझ्या कपाटात आहे. वही आहे, शाई फिकट झाली तरी वाचता येते. वहिनीची पितळी डबी आहे, झाकणाच्या आत तिचा लहानसा आरसा अजून शाबूत आहे, आणि मी कितीही घासली तरी तळाचा काळा डाग गेलेला नाही.